मामलेदाराच्या पिसवा

"याला एक इंजेक्शन देऊन टाका, डॉक्टर," आबासाहेब म्हणाले. "कायमचं."

ते ओसरीवर उभे होते आणि त्यांचं बोट मागच्या खोलीकडे होतं. त्या खोलीत बाजेवर त्यांचे वडील, नाना, पडून होते. बाजेखाली एक तपकिरी गावठी कुत्रा बसला होता. बोट जिकडे होतं तिकडे दोघे होते, म्हणून मी विचारून घेतलं. इंजेक्शन कुत्र्याला द्यायचं होतं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि मी चोपड्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. दवाखाना म्हणजे गळकं पत्र्याचं छप्पर, बैल जखडायचा लाकडी खोडा आणि फिनेलचा वास. कुत्र्यामांजरांना आमच्याकडे जागा नव्हती. जळगावचे आमचे साहेब म्हणत, "कुत्रा नांगर ओढत नाही, दूध देत नाही. तो पिसाळला तरच आपला त्याच्याशी संबंध." तरीही मी आलो होतो, कारण आबासाहेब लोकल बोर्डाचे मेंबर होते आणि आमच्या छपराचा अर्ज बोर्डाकडे पडून होता. गावात त्यांना आबाच म्हणत. साहेब हे निवडणुकीनंतर लागलं होतं आणि ते त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं. मला आणायला त्यांनी दमणी पाठवली होती. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं होती. एका पिसूसाठी इतका थाट मी आधी पाहिला नव्हता.

प्रश्न आखाजीचा होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात तिला कोणी फार विचारत नाही, पण खानदेशात तिचा मान दिवाळीच्या वर. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघर आमरस आणि सांजोऱ्या होतात. आबासाहेबांची मुलगी कमल धुळ्यात दिलेली होती. जावई वकील. तिला पहिला मुलगा झाला होता, काही महिन्यांचा, आणि यंदा आखाजीला वकीलसाहेब स्वतः तिला घेऊन येणार होते, मुक्कामाला, पहिल्यांदाच. आणि घर पिसवांनी भरलं होतं. बायकांच्या घोट्यांवर लाल पुरळ उठलं होतं. खुद्द आबासाहेब माझ्याशी बोलता बोलता एका पायाने दुसरा पाय खाजवत होते. मोठेपणाला ते जरा अडचणीचं जात होतं.

मी म्हणालो, "इंजेक्शन देता येईल. पण पिसवा जाणार नाहीत."

"कुत्रा गेला तर पिसवा राहतील कुठे?"

"तुमच्याकडे."

हे त्यांना आवडलं नाही. आधी तपासतो, असं म्हणून मी आत गेलो.

कुत्र्याचं नाव मामलेदार. नाव नानांनी ठेवलेलं. दिवसभर बसून राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरकावायचं आणि भाकरीचा पहिला तुकडा आपला समजायचा, म्हणून मामलेदार. नानांचं अर्धं अंग वाऱ्याने गेलं होतं. उजवा हात लुळा, बोलणं जड. त्यांची बायको वारल्यापासून त्या खोलीत ताट ठेवायला आणि ताट उचलायलाच कोणी येई. डावा हात बाजेखाली सोडला की कुत्र्याचं डोकं हाताला लागे. दिवसभर ते त्याच्याशी बोलत. काय बोलतात हे घरात कोणाला माहीत नव्हतं. ऐकायला कोणी थांबत नसे.

मी पिशवी उघडली तसे नाना कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हाऊ गया ते मी कोनासंगे बोलू?"

म्हणजे दारामागे काय ठरत होतं ते त्यांनी ऐकलं होतं.

पिसू तपासायला मोठं यंत्र लागत नाही. पांढरं फडकं अंथरायचं, त्यावर कुत्रा उभा करायचा आणि बारीक दातांच्या फणीने, डोक्यातल्या उवांची असते तीच, शेपटीपासून मानेकडे केस उलटे विंचरायचे. फडक्यावर काळे कण पडतात. माती वाटते. ओल्या कापसाने ते कण दाबले की कापूस लालसर होतो. तो पिसूने पिऊन टाकलेल्या रक्ताचा मळ. मामलेदाराच्या फडक्यावर असे कण पुष्कळ पडले. हिरड्या फिक्या होत्या. दोन वर्षांचा कुत्रा म्हाताऱ्यासारखा दमलेला होता. घर त्याला दोष देत होतं, पण घरात सर्वांत जास्त रक्त त्याचंच गेलं होतं.

मी आबासाहेबांना समजावून सांगितलं. कुत्र्यावर दिसतात त्या पिसवा थोड्या. पिसू अंडी कुत्र्यावर घालते, पण ती चिकटत नाहीत. मिठाच्या दाण्यांसारखी खाली गळतात. भुईच्या भेगांत, गोधडीत, अडगळीत त्यांतून अळ्या निघतात. अळीला अंधार हवा आणि ओल हवी. पुढे ती कोश करून आत बसून राहते आणि जवळपास कोणी हललं, कोणाच्या अंगाची ऊब लागली, की बाहेर उडी मारते. म्हणून कुत्र्यावरची पिसू मारणं म्हणजे तालुक्याला आलेले चार लोक पकडणं. गाव तसंच राहतं.

ते म्हणाले, "मग औषध काय?"

मी सांगितलं: साबणाचा फेस, आधी मानेभोवती, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत. मग कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने आंघोळ. अंगाला करंजाच्या तेलाचं नुसतं बोट. रोज फणी, आणि फणीतली पिसू साबणाच्या पाण्यात. गोधड्या आणि पोती उकळून उन्हात. आपल्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन पिसूच्या अळीला सोसत नाही, आणि त्याला बोर्डाची मंजुरी लागत नाही. तंबाखूचं पाणी लावू नका. त्याने पिसू मरते, पण कुत्रा चाटतो आणि कधी कधी तोही मरतो. घासलेट लावू नका. दुसरं काहीही लावू नका. आणि काही दिवस भुई सारवू नका, घर कोरडं राहू द्या.

आबासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना इंग्रजी अक्षरांचा डबा हवा होता. "कडुनिंब माझ्या दारात आहे," ते म्हणाले. "मग सरकार तुम्हाला पगार कशाचा देतं?"

त्यांच्या पत्नी दाराआड उभ्या होत्या. मी त्यांना वहिनी म्हणे. भुई सारवायची नाही, हे त्यांनी ऐकलं आणि त्या पहिल्यांदा बोलल्या. "आखाजी तोंडावर आली, लेक-जावई येणार, आणि भुई सारवायची नाही? उद्या म्हणाल चूलही पेटवू नका."

शेवटी ठरलं ते असं. आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत कुत्रा राहील. तोवर पिसवा गेल्या तर कुत्रा जगेल, नाही गेल्या तर नाही. आबासाहेबांनी हे न्यायाधीशाच्या सुरात सांगितलं. नानांना कोणी विचारलं नाही, पण फणी मी त्यांच्या डाव्या हातात दिली.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा कुत्र्याचे केस मऊ झाले होते. फडक्यावर जेमतेम काही कण पडले. वहिनी सांगत होत्या की नाना सकाळी स्वतःहून बाजेवर उठून बसतात, पाठीला उशी मागतात आणि कामाला लागतात. माझ्यासमोरच त्यांनी फणी उचलली आणि कुत्र्याला म्हणाले, "चाल मामलेदार, आज तुनी हजामत शे." तोंड वाकडं झाल्याने त्यांचं हसू एकाच बाजूला येई. घरात ते हसू पुष्कळ दिवसांनी आलं असावं, कारण वहिनी ताट हातात धरून उभ्याच राहिल्या.

मला वाटलं, जमलं.

त्यानंतर आठवड्याने गेलो तर फडकं पुन्हा काळं. फणी रोज चालू होती, आंघोळी झाल्या होत्या, गोधड्या उन्हात होत्या. वहिनींनी, माझ्याबद्दल काय वाटत असेल ते असो, मागच्या खोलीची भुई सारवणं खरंच थांबवलं होतं. बाहेर ऊन इतकं की दगडावर पाय ठेववत नव्हता. अशा दिवसांत पिसवा आपोआप कमी होतात. इथे वाढत होत्या. म्हणजे या घरात कुठेतरी अजून पावसाळा चालू होता.

तो शोधायची एक जुनी रीत आहे. मी बूट काढले, पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढले आणि घरभर सावकाश चालत फिरलो. पांढऱ्यावर पिसू लगेच दिसते. खाकी अर्धी चड्डी, पांढरे मोजे, आणि सरकारी डॉक्टर चोरासारखा एकेक पाऊल टाकतोय. घरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. ओसरीवर काही नाही. मागच्या खोलीत एखाददुसरी. मधल्या घरात गेलो आणि मोज्यांवर तीळ पेरल्यासारखे झाले.

मधल्या घरात कापूस होता.

हे आमच्याकडे नवल नाही. वेचणी झाली की कापूस घरात भरायचा, भाव चढेपर्यंत ठेवायचा. माणसं कडेकडेने राहतात. आबासाहेबांचा ढीग धाब्याच्या छताला टेकला होता आणि ओसरीवरून दिसेल असा रचला होता. जावयाला दिसला पाहिजे, असं ते म्हणत. वकील झाला तरी शेतकऱ्याच्या पोटचा आहे, ढिगावरून घर ओळखतो. ढिगाच्या मागच्या कडेला कुत्र्याने अंग टाकून केलेला खळगा होता. नाना दुपारी झोपले की मामलेदार तिथे जाऊन पडत असे. गारव्याला.

मी खळग्याशेजारी कापसात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत कापूस नदीकाठच्या वाळूसारखा गार होता. हात बाहेर काढला तर तळवा ओला.

कापूस वजनावर विकला जातो. खानदेशचा उन्हाळा त्याचं वजन पिऊन टाकतो. म्हणून काही ठिकाणी संध्याकाळी दार लावून ढिगावर पाणी शिंपडतात. हे पुष्कळ घरांत चालतं आणि विचारलं तर कोणीच करत नाही. अंधार, ओल आणि रोज दुपारी येऊन झोपणारा कुत्रा: पिसूने अर्ज करून मागितलं असतं तरी यापेक्षा चांगलं घर मिळालं नसतं.

मी आबासाहेबांकडे गेलो. ते ओसरीवर तक्क्याला टेकून होते.

"कापूस ओला आहे," मी म्हणालो.

"कापूस गारच असतो."

"गार नाही. ओला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सालदाराला हाक मारली. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्यांच्या सालदाराचं नाव उखा. डॉक्टरांना पाणी आण, असं त्यांनी सांगितलं. उखाने पाणी आणलं. या घरात पाणी वाहायची त्याला सवय होती.

पाणी पिऊन मी सांगितलं की कापूस खळ्यावर काढा, पसरा, चार दिवस ऊन द्या, मधलं घर कोरडं करा. कुत्र्यात काही दोष नाही. आखाजीला अजून वेळ आहे. पिसवा जातील.

"आखाजीनंतर काढू," ते म्हणाले. "व्यापारी आखाजीनंतर येणार. त्याने माल उचलला की प्रश्नच मिटला."

"पाहुणे आखाजीला येणार."

"म्हणून तर म्हणतोय, कुत्र्याचं बघा."

उन्हात घातला तर काय होईल ते दोघांनाही माहीत होतं. वजन जाईल, आणि ते खळ्यावर, गावासमोर जाईल. बोर्डाचा मेंबर गावासमोर आपला कापूस वाळवत बसू शकत नाही. मी दुसरा मार्ग सुचवला: पाहुणे जाईपर्यंत नानांची बाज आणि कुत्रा मळ्यातल्या झोपडीत हलवा, तिथे केळीची सावली आहे, माणसांचा राबता आहे. नानांना ते आवडलंही असतं. आबासाहेब म्हणाले, "लोक म्हणतील, आबाने बाप मळ्यात टाकला." घरात ठेवलाय त्याला लोक काय म्हणतात, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण कुत्र्याचा जीव त्यांच्या मर्जीवर होता, म्हणून मी हात जोडले आणि पुन्हा तेच सांगितलं, कापूस काढा. ते बघू म्हणाले. बोर्डात आमच्या छपरालाही ते बघूच म्हणाले होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दमणी दवाखान्याच्या दारात आली. वहिनींनी पाठवली होती. उखा बैल हाकत होता. अर्ध्या रस्त्यात, मी न विचारता, म्हणाला, "आबानी सांगं, मी लावं."

काय लावलं ते पोचल्यावर कळलं. त्या वर्षांत डीडीटीची हवा होती. माणसं तिचं नाव देवाच्या प्रसादासारखं घेत. आबासाहेबांनी जळगावहून डबा आणला होता, इंग्रजी अक्षरांचा. कोरडी भुकटी नुसती भुरभुरवली असती तर कदाचित निभावलं असतं. केसांवर पडली तर ती कातडीतून फारशी आत जात नाही. पण कोरडी भुकटी झडून जाते, असा त्यांनी विचार केला. म्हणून ती घासलेटात कालवली आणि उखाकडून कुत्र्याच्या अंगभर चोळून घेतली. तेलात विरघळली की तीच भुकटी कातडीतून थेट अंगात जाते. पुन्हा वर चाटणं आहेच.

मामलेदार नानांच्या बाजेखाली पडला होता. आधी चेहरा, मग मान, मग सगळं अंग थरथरत होतं. कोणी भांडं आपटलं तरी ताठ होत होता. मी साबणाच्या पाण्याने तेल धुऊन काढलं, खोली अंधारी केली, झटके थांबायचं औषध नळीने पोटात घातलं. याच्यावर उतारा नाही. शरीराने स्वतःच सोसून बाहेर यायचं असतं. ज्याचं रक्त महिनोन्‌महिने पिसवांनी प्यायलं होतं त्या शरीरात सोसायला काही उरलं नव्हतं. नानांनी डाव्या हाताने त्याचं डोकं धरून ठेवलं होतं, झटक्याबरोबर त्यांचा हातही हलत होता. ते हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलत होते. या वेळी खोलीत ऐकायला माणसं होती, आणि शब्द कळत नव्हते.

दुपारी थरथर थांबली.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "सारं घर चावस, डाक्टर. एक हाऊच चावत नही."

आबासाहेब ओसरीवरून आत आले नाहीत. मी निघालो तेव्हा मला म्हणाले, "चला, पिसवांचा तरी निकाल लागला."

आखाजीला वकीलसाहेब आले, पांढऱ्या स्वच्छ धोतरात. त्यांची गादी मधल्या घरात घातली होती, ढिगासमोर, म्हणजे जाग आली की ढीग दिसावा. पिसवांना रोज दुपारी येणारा कुत्रा आता मिळत नव्हता. त्या उपाशी होत्या. कोशांत बसलेल्यांना इतक्या पावलांची चाहूल लागली, त्याही बाहेर आल्या. हे मला नंतर वहिनींनी सांगितलं: बाळ रात्रभर रडलं, सकाळी पैशाएवढ्या लाल चट्ट्यांनी त्याची मांडी भरली होती आणि धोतरावर रक्ताचे ठिपके होते. जावयांनी आमरसाला हात न लावता गाडी जोडायला सांगितली आणि कमलला घेऊन धुळ्याला गेले. झोके तसेच रिकामे राहिले.

त्या दिवशी वहिनींनी आबासाहेबांना विचारलं नाही. उखाला हाक मारली आणि कापूस खळ्यावर काढायला लावला. सणाचा दुसरा दिवस, पुरुष पारावर पत्ते खेळत बसलेले, म्हणजे बघायला गाव मोकळंच होतं. ढिगाच्या पोटातला कापूस पिवळट, गोळे झालेला निघाला, काही ठिकाणी पिळला असता तर पाणी गळलं असतं. पाराकडून एकाने शांतपणे विचारलं, "आबा, कापूसले घाम उना काय?" बाकीचे पत्त्यांकडे बघत राहिले.

वैशाखाच्या उन्हाने चार दिवसांत काम केलं. घर कोरडं झालं. मी पांढरे मोजे घालून पुन्हा फिरलो. मोजे पांढरेच राहिले. माझ्या धंद्याच्या भाषेत केस यशस्वी झाली.

पावसाळ्याच्या तोंडाशी आबासाहेबांनी धुळ्याहून एक पिल्लू मागवलं. विलायती जातीचं, उभ्या कानांचं, किंमत सांगता येईल असं. ते दमणीतून उतरलं तेव्हा मी गाय तपासायला तिथे आलेलो होतो. आबासाहेबांनी ते स्वतः नानांच्या बाजेवर ठेवलं. पिल्लाने नानांच्या डाव्या हाताचा वास घेतला. नानांनी हात मागे घेतला नाही. त्याच्या मानेवरून एकदा फिरवला, केस उलटे करून पाहिले, आणि म्हणाले, "पिल्लू चांगलं शे. पन ह्या घरमा नको."

आबासाहेबांनी पिल्लू उचललं. मग बाहेर येऊन मला म्हणाले, तुम्ही घेऊन जा.

ते पिल्लू माझ्याकडे बरीच वर्षं होतं. नाना पुढच्या आखाजीपर्यंत राहिले नाहीत. त्यांच्या खोलीत शेवटी शेवटी कोणी बसत असे की नाही, मी विचारलं नाही.

पिल्लाला माझ्याकडेही पिसवा झाल्या. डॉक्टरचा कुत्रा म्हणून पिसू सोडत नाही. फणी, साबण, कडुनिंब हे सगळं नंतर केलं. आधी माझ्या घरातली पोती उचलून अंगणात टाकली आणि कोपरे कोरडे केले. लोक मला आजही पिसवांवर घरगुती उपाय विचारतात. मी हे सांगतो. ते ऐकून घेतात, आणि मग कुत्र्याला काय लावायचं ते विचारतात.